घोडा अडला? चाबूक ठेवा, आधी खूर उचला!

भाकरी का करपली, विड्याचे पान का सडले आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर आपल्याकडे शाळकरी पोरसुद्धा देते: फिरवले नाही म्हणून! कोड्यापुरते हे उत्तर बरोबर आहे. पण दारातला घोडा खरोखरच अडला, पाऊल टाकताना कचरू लागला, तर हे उत्तर त्याच्या जिवावर बेतू शकते. कारण अडलेला घोडा बहुतेक वेळा हट्टी नसतो, त्याचा पाय दुखत असतो. आणि खुराची काही दुखणी अशी आहेत की त्यात घोड्याला फिरवणे हाच सर्वांत मोठा अपाय.

नांगराला आपण घोडा जुंपत नाही, म्हणून शेतीच्या पानावर घोड्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण घोडा गावातून अजून गेलेला नाही. वरातीची घोडी आहे, टांग्याचे तट्टू आहे, यात्रेत चाल दाखवणारा हौशी शेतकऱ्याचा घोडा आहे, पुणे भागातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे पळणारी घोडी आहे, आणि मेंढरांमागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी धनगर बांधवांची घोडी तर आहेच. या प्रत्येकावर कुणाची ना कुणाची चूल पेटते. लग्नसराईच्या तोंडावर घोडी लंगडली, तर त्या घराचा हंगाम बुडाला म्हणून समजा.

दुसरीकडे घोडे कमी होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. घोडे कमी झाले तसे घोड्याची नाल नीट ठोकणारे नालबंदही विरळ झाले. बैलाला पत्री मारणारा कारागीर अजून बाजाराच्या दिवशी भेटतो, आणि आपण घोडाही त्याच्यापुढे नेऊन उभा करतो. बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला प्रत्येक नखीला वेगळी पत्री. घोड्याचा खूर एकसंध. बैल पाडून पत्री मारतात, घोड्याला उभ्यानेच नाल ठोकतात. दोन्ही कामे वेगळी, दोन्हीचा हात वेगळा. ज्याला घोड्याचा हात आहे त्याच्याकडूनच घोड्याचे काम करून घ्यावे.

खूर म्हणजे नुसते नख नव्हे

बाहेरून दिसणारी खुराची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते. तिला खिळा लागला तरी दुखत नाही. पण तिच्या आत एक हाड असते, आणि ते भिंतीला शेकडो बारीक, एकमेकांत गुंतलेल्या जिवंत पापुद्र्यांनी टांगलेले असते. घोड्याचा सगळा भार या टांगणीवर असतो. खालून पाहिले तर कडेला भिंतीची जाड कड, तिच्या आतून एक फिकट रेघ, मग किंचित खोलगट तळवा आणि मागच्या बाजूला टाचांच्या मध्ये रबरासारखी त्रिकोणी गादी दिसते. ती फिकट रेघ लक्षात ठेवा. खिळा तिच्या बाहेरच राहिला पाहिजे. रेघेच्या आत जीव आहे.

घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणून दुखणी पुढच्या पायांत जास्त. खूर वरच्या काठाकडून, म्हणजे जिथे केस संपतात तिथून, खाली वाढत येतो. महिन्याला वाढ पाऊण सेंटिमीटरच्या आगेमागे. पुढचे टोक वरपासून खालपर्यंत नवे यायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे आज बिघडवलेला खूर पुरता सुधारायला पुढची लग्नसराई उजाडते!

दुखणे कोणत्या पायात?

घोडा सपाट, कडक जमिनीवर न्या. दोर सैल धरा आणि दुडक्या चालीने पळवा. मान बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठ्याची एक बाजू जास्त वरखाली होते. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर मान हलत नाही. घोडा नुसता आखडून, तोकडी पावले टाकतो. अशा वेळी लोक म्हणतात, 'खांद्यात भरलाय.' मग खांद्याला तेल चोळणे चालू होते, आणि दुखणे राहते खाली खुरात.

उभा असतानाही घोडा सांगत असतो. एक पुढचा पाय सतत पुढे टाकून सैल ठेवत असेल तर तो पाय तपासा. खुरावर हात ठेवा, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो का बघा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही अंगांना बोटे हलकी दाबून नाडी पाहा. निरोगी घोड्यात ती मुश्किलीने लागते. खुरात दाह असेल तर टणटण उडते. हे रोजच्या सवयीने कुणालाही जमते. घोडा चांगला असतानाच हात बसवून ठेवावा, म्हणजे बिघाड लगेच कळतो.

मात्र पळवून पाहायचे ते थोडेफार लंगडणाऱ्या घोड्याला. जो जागचा हलायलाच तयार नाही, त्याला पळवायचे नाही. त्याचा विचार पुढे वेगळा केला आहे.

घोडे नेमके कुठे पेंड खाते?

खूर दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आपल्याच हातचे असते. नाल झिजून किंवा निखळून पडेपर्यंत आपण नालबंदाकडे जात नाही. 'नाल अजून घट्ट आहे की!' असे म्हणून तीन-तीन महिने काढतो. नाल घट्ट असेलही, पण तिच्या वरचा खूर वाढायचा थांबलेला नसतो. नाल असल्यामुळे तो झिजत नाही. टोक पुढे जाते, टोकाबरोबर नालही पुढे सरकते. टाचा मात्र नालेवर घासून दबत जातात. सहा आठवड्यांत टोक सेंटिमीटरभर वाढते, तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या पुढे.

पहार जितकी लांब तितका धोंडा सहज उचकटतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. लांबलेले टोक म्हणजे अशीच पहार. प्रत्येक पावलाला पाय उचलताना ते खुराची भिंत आतल्या हाडापासून उचकटू पाहते. टाच खाली बसल्यामुळे मागच्या शिरांवर ताण येतो आणि टाचेतले नाजूक भाग चेपतात. त्यात डांबरी रस्ता, फरशीवरचे नाचकाम आणि अंगापेक्षा जास्त ओझे. मग घोडा अडणार नाही तर काय करील?

दुसरे कारण नालबंदीतली घाई. नाल लहान आहे म्हणून खुराचे टोक पुढून कानशीने घासून नालेबरोबर आणले, की भिंत पातळ होते. तळवा गोरा दिसेपर्यंत तासला, की खडा लागला तरी कळ जाते. नियम एकच आहे: नाल खुराच्या मापाची करायची, खूर नालेच्या मापाचा नव्हे.

सुधारणारी नालबंदी

'खास नाल ठोका, पाय बरा होईल' असे काही जण सांगतात. खास नालेला अर्थ आहे, पण ती नंतर. आधी खूर सारखा करणे. घोडा सपाट जागी उभा करून बाजूने पाहा. खुराची पुढची रेषा आणि खुरावरच्या तिरक्या हाडाची पुढची रेषा एका ओळीत हवी. रेषा खुरापाशी मोडून मागे गेली असेल तर टोक लांब आणि टाच खाली आहे. पुढून पाहिल्यास आतली आणि बाहेरची बाजू सारखी दिसली पाहिजे. हा तोल साधल्यावर बऱ्याच घोड्यांचे निम्मे दुखणे साध्या नालेतच हलके होते. पुढचे दोषाप्रमाणे असे:

(१) टोक लांब, टाच बसकी: टोक बेताने कमी करावे. नालेचे पुढचे टोक वर वळवून गोलसर करावे, म्हणजे पाय लवकर उचलला जातो आणि ओढ कमी होते. नालेच्या मागच्या बाजू टाचेला पुरा आधार देतील इतक्या लांब ठेवाव्यात. टाच फारच दबली असेल तर मागची दोन्ही टोके आडव्या पट्टीने जोडलेली नाल काही महिने वापरतात.

(२) तळवा पातळ, खडा लागून आत काळेनिळे झालेले: रुंद पट्टीची नाल घ्यावी, पण तिची आतली कड खोलगट करून घ्यावी, म्हणजे नाल तळव्याला टेकत नाही. भार भिंतीवरच राहिला पाहिजे. गरजेप्रमाणे नाल आणि खूर यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा घालतात. तळवा तासायचा नाही.

(३) टाचा जवळ आलेल्या, गादी आक्रसलेली: खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे खिळे मारू नयेत. तिथे खिळे मारले की टाच पसरायची थांबते. गादी तासू नये, ती भुईला टेकू द्यावी.

(४) भिंतीला उभी चीर: चिरेखालची कड थोडी कमी करावी, म्हणजे तिथे नालेचा दाब येत नाही. आडपट्टीची नाल उपयोगी पडते. चीर केसांच्या काठापर्यंत गेली असेल किंवा रक्त येत असेल तर आधी डॉक्टर.

(५) टाचेच्या आतले जुनाट दुखणे: घोडा वळताना आणि खडीवर कचरतो, टाच टेकायला नको म्हणून टोकावर चालतो. पुढून गोलसर आणि मागे किंचित उंच नालेने आराम पडतो. हे दुखणे समूळ जात नाही, सांभाळावे लागते. अशा घोड्याला हलके काम द्यावे.

कोणताही बदल एकाच दिवशी पुरा करू नये. वर्षभर बिघडलेला कोन एका तासात सरळ केला तर सांधे आणि शिरा त्या धक्क्याने दुखावतात. दोन-तीन नालबंदींत हळूहळू आणावे.

नालबंदाजवळ उभे राहा

पशुपालकाने घोडा बांधून चहाला जाऊ नये. जवळ उभे राहून एवढे पाहावे. खिळ्याची एक बाजू सपाट आणि टोकाची एक बाजू उतरती असते. उतरती बाजू आत ठेवली की खिळा बाहेरच्या अंगाला वळतो. नीट जाणाऱ्या खिळ्याचा आवाज कडक येतो. आवाज मऊ आला, घोड्याने पाय हिसकला, तर खिळा जिवाकडे चालला आहे. तिथेच थांबवा. खिळ्यांची टोके भिंतीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, एका ओळीत बाहेर यावीत. सहा-सात खिळे पुरतात. जास्त खिळे म्हणजे जास्त मजबुती नव्हे, पातळ भिंतीला जास्त भोके.

काम झाल्यावर घोडा फरशीवर चालवा आणि डोळे मिटून टापा ऐका. चारही टापांचा आवाज सारखा हवा. एखादी टाप दबकी आली तर नालबंद निघून जाण्याआधी तो पाय पुन्हा उचलायला सांगा.

खिळा जिवाला लागलाच तर लपवालपवी नको. तो लगेच काढावा, भोक स्वच्छ करून जंतुनाशक घालावे आणि त्या भोकात दुसरा खिळा मारू नये. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. जनावरांत घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. त्याची लस मिळते, ती आधीच टोचून ठेवणे सर्वांत स्वस्त. नाल मारल्यावर काही दिवसांनी घोडा एकाएकी तीन पायांवर आला तर आत पू झाल्याचा संशय धरावा. पू काढायला डॉक्टर हवा. पाय बरा झाल्याशिवाय नाल नको.

इथे नालबंद नको, डॉक्टर हवा

आता सर्वांत घातक दुखणे. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. भिंत आणि हाड यांना जोडणाऱ्या त्या जिवंत पापुद्र्यांचा दाह होतो. घोडा दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून, भार मागच्या पायांवर घेऊन, मागे रेलून उभा राहतो. जागचा हलत नाही, वळायला सांगितले तर कण्हतो, पुष्कळदा आडवा पडून राहतो. खूर गरम, नाडी टणटण.

याचे एक मोठे कारण खाण्यात आहे. दावे सुटून घोडा धान्याच्या कणगीशी लागला, किंवा वरातीत हौसेने कुणी हरभरे, कुणी पेंड, कुणी गूळ पोटभर चारला, की पोटातल्या बिघाडाचे विष खुरात उतरते. घोडे पेंड खाते ती म्हण इथे अक्षरशः खरी होते! व्यायल्यावर घोडीचा वार अडकला, कडक रस्त्यावर फार दौड झाली, किंवा एक पाय मोडला म्हणून सगळा भार दुसऱ्यावर आला, तरीही हे होते.

अशा वेळी घोड्याला फिरवू नका. पाय मोकळे व्हावेत म्हणून चालवाल, तर प्रत्येक पावलाला ती टांगणी फाटत जाईल. टांगणी तुटली की आतले हाड खाली फिरते, आणि वेळप्रसंगी तळव्यातून बाहेर येते. मग कोणतीही नाल उपयोगाची नाही.

करायचे ते असे. धान्य, पेंड, गूळ ताबडतोब बंद. साधे वाळलेले गवत आणि पाणी द्यावे. जिथे आहे तिथेच वाळूचा किंवा पेंढ्याचा जाड थर पायाखाली घालावा. पाय बर्फाच्या पाण्यात गुडघ्याखालपर्यंत सतत बुडवून ठेवावेत. पहिले दोन-तीन दिवस याचा फायदा सर्वांत जास्त. आणि पहिल्या तासातच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरते पथकही मागवता येते. धान्य खाल्ल्याचे दिसल्यावर, लंगडण्याची वाट न पाहता बोलवावे. नाल काढायची की ठेवायची हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दाह ओसरल्यावर नालबंदाची पाळी येते. खुराचा बाजूने क्ष-किरण फोटो काढून हाड कितपत फिरले आहे ते पाहावे लागते. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी. फोटो पाहून टोक मागे घेतात, तळवा मोकळा ठेवतात, आणि गादीखाली जिभेसारखा आधार असलेली नाल बसवतात. तो आधार थोडा जरी चुकीच्या जागी आला तरी अपाय होतो. म्हणून हे काम डॉक्टर आणि अनुभवी नालबंद यांनी मिळून करायचे आहे, अंदाजाने नव्हे.

सुई टोचून वरात नको

लंगडणाऱ्या घोड्याला वेदनाशामक टोचून वरातीला उभे करण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे. कळ दबते, घोडा नाचतो, आणि आतली फाटाफूट दुप्पट होते. एका रात्रीच्या सुपारीपायी घोडा कायमचा जातो. शिवाय, जखम किंवा दुखणे असलेल्या जनावराला कामाला लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. वरात ठरवणाऱ्या यजमानांनीही घोडीची चाल बघूनच सुपारी द्यावी.

रोजची पाच मिनिटे

सकाळ-संध्याकाळ चारही खूर उचलून, बोथट आकडीने टाचेकडून टोकाकडे माती, शेण, खडे काढा. गादीच्या फटीत काळा, घाण वासाचा चिकट भाग दिसला तर ती सड आहे. जागा कोरडी करा, खूर स्वच्छ ठेवा, औषध डॉक्टरांना विचारून लावा. लिदीच्या आणि मुताच्या चिखलात उभ्या घोड्याला कितीही चांगली नाल मारली तरी व्यर्थ. नुसते तेल चोपडल्याने खूर चमकतो, सुधारत नाही. मऊ रानात राहणाऱ्या, रस्त्यावर न जाणाऱ्या घोड्याला नालेची गरज असेलच असे नाही. पण खूर तासून सारखा करणे त्यालाही चुकत नाही.

घोडा विकत घेताना हीच नजर ठेवा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात रंग, भोवरे आणि चाल सगळेच बघतात. तुम्ही चारही खूर उचलून बघा. भिंतीवर टोकाशी जवळ आणि टाचेकडे रुंद होत जाणारी वळी दिसली तर जुना लॅमिनायटिस असू शकतो. मऊ मातीत लंगड लपते, म्हणून कडक जमिनीवर चालवून मगच बयाणा द्यावा.

ग्रामपंचायतीला करता येईल असे

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. आसपासच्या चार-पाच गावांतले घोडेवाले मिळून दर सहा आठवड्यांनी एका बाजारच्या दिवशी जाणता नालबंद बोलावावा. एका घोड्यासाठी तो येणार नाही, दहा घोड्यांसाठी येईल. त्याच दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावले तर लंगडणारे घोडे एकदम तपासून होतील. जागा सपाट, कोरडी आणि सावलीची हवी, एवढाच खर्च. लोहारकाम करणारे नालबंद गावात असतील तर २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहार हा व्यवसाय आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडेच येते. ती अडवून ठेवू नये.

पशुपालक बंधूंनो, नाल ठोकली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून बेचाळीस दिवस मोजून दुसरी खूण करा. त्या दुसऱ्या तारखेला नाल घट्ट असो वा सैल, घोडा लंगडत असो वा नसो, नालबंदाकडे न्यायचाच.